गोष्ट सांगणाराचें मन



कोणतीहि गोष्ट ऐकतांना आपण दोन प्रश्न मनांत बाळगतों. पुढें काय झालें, हा एक. आणि तें तसें कां झालें, हा दुसरा. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ह्यांत एका तिसऱ्या प्रश्नाची भर पडली. सांगणारानें ती गोष्ट ह्याच क्रमानें कां सांगितली, अमक्या जागीं तो कां थबकला, एखादा प्रसंग त्यानें पुन्हा पुन्हा कां आळवला आणि दुसरा मुळींच कां वगळला, हा तो प्रश्न होय. ह्या प्रश्नाला शास्त्राचें रूप व्हिएन्ना शहरांतल्या एका वैद्यानें दिलें. त्याचें नांव सिग्मंड फ्रॉइड. त्याचें मनोविश्लेषण मराठी साहित्यविचारांत कसें आलें, आणि त्यानें कोठें उजेड पडला व कोठें नुसता धूर झाला, हें आज सांगावयाचें आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. जर्मन मला येत नाहीं. फ्रॉइडचें जें वाचलें तें इंग्रजी भाषांतरांतून, शब्दकोश उशाशीं ठेवून.

फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरांत बाहेर आला. त्यावर साल मात्र १९०० छापलें होतें. सहाशें प्रती काढल्या होत्या, त्या खपावयास आठ वर्षें लागलीं. ह्या ग्रंथांत रोग्यांच्या आणि खुद्द लेखकाच्या स्वप्नांबरोबर सोफोक्लीजच्या इडिपस राजाची आणि शेक्सपीयरच्या हॅम्लेटचीहि चर्चा आहे. म्हणजे ह्या शास्त्राला साहित्याची जोड मागाहून मिळालेली नाहीं. पाळण्यांतच तें नाटकांचीं नांवें घेत होतें. त्याहून मौजेची गोष्ट १८९५ ची आहे. हिस्टेरियाच्या रोग्यांच्या हकीकती लिहितांना त्या वैद्यकीय टिपणांसारख्या न वाटतां कथांसारख्या वाटतात, ह्याचें फ्रॉइडला स्वतःलाच नवल वाटलें आणि तें त्यानें नमूद करून ठेवलें. रोगी पडून राहतो व सुचेल तें सांगत जातो. वैद्य त्याच्या दृष्टीआड बसून ऐकतो. हकीकत तुटक असते, मधले दुवे गळालेले असतात. ते दुवे जुळून ती सलग सांगतां येऊं लागली, म्हणजे दुखण्याचा जोर ओसरूं लागतो, असा ह्या उपचाराचा सिद्धान्त. आज ज्याला कथनमीमांसा म्हणतात तिचें एक बीज येथें आहे.

१९०७ सालीं ६ डिसेंबरला व्हिएन्नांतल्या एका ग्रंथविक्रेत्याच्या दालनांत फ्रॉइडनें कवि आणि दिवास्वप्नें ह्या विषयावर व्याख्यान दिलें. मूल खेळतें, मोठें झालें म्हणजे खेळ सोडून मनोराज्यें करूं लागतें, पण तीं लाजेनें लपवून ठेवतें. कवि तींच मनोराज्यें अशा खुबीनें मांडतो कीं, ऐकणाराला त्यांत आपलींच मनोराज्यें निःसंकोच भोगतां यावींत. ह्या विचारांत तीन घटक आहेत. कवि आहे, कृति आहे आणि ऐकणाराहि आहे. पुढें जे शिष्य झाले त्यांतल्या पुष्कळांनीं मात्र पहिलाच घटक उचलला, आणि कवीला रोग्याच्या खाटेवर निजवलें. खुद्द फ्रॉइड अधिक सावध होता. १९२८ सालीं दोस्तोयेव्स्कीविषयीं लिहितांना, प्रतिभेच्या कोड्यापुढें विश्लेषणानें शस्त्रें खालीं ठेवावींत, अशी कबुली त्यानें देऊन टाकली. शिष्यांनीं ती ऐकिली असती तर बरीच शाई वांचली असती.

हिंदुस्थानांत हें शास्त्र आलें तें कलकत्त्याच्या मार्गानें. डॉ. गिरींद्रशेखर बोस ह्यांनीं १९२२ सालीं तेथें भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. फ्रॉइडशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि १९३१ सालीं फ्रॉइडला पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालीं तेव्हां त्याला येथून विष्णूची हस्तिदंती मूर्ति भेट गेली होती. महाराष्ट्रांत मात्र हे विचार दवाखान्याच्या दारानें फारसे आले नाहींत. ते पुस्तकांतून, कॉलेजांतून आणि मासिकांतून आले. आज खेड्यांतला पोरगाहि दुसऱ्याला न्यूनगंड असल्याचें सहज बोलून जातो. त्या शब्दामागें अॅडलर नांवाचा कोणी होता ह्याची त्याला दाद नसते.

हे विचार आले तेव्हां आपलें घर अगदींच रिकामें नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे. जाणीव आणि नेणीव ही जोडी संतांच्या वाणींत जुनी आहे. संतांची नेणीव म्हणजे अज्ञान. फ्रॉइडची नेणीव म्हणजे मनाचें असें तळघर कीं, ज्यांत ढकललेली वस्तु नाहींशी न होतां वेषांतर करून वर येत राहते. शब्द एक, अर्थ दोन. त्यामुळें, हें सारें आमच्याकडे पूर्वींच होतें, अशी घाईची बढाई कोणी मारूं नये. परंतु साहित्यशास्त्रांत खरोखरच जवळचा असा एक विचार आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांत अभिनवगुप्तानें सांगितलें कीं, प्रेक्षकाच्या मनांत वासनारूपानें जें आधींच निजलेलें असतें, तेंच नाट्यानें जागें होऊन रसाला येतें. उदाहरण म्हणून त्यानें कालिदासाचा दुष्यंत घेतला. शाकुंतलाच्या पांचव्या अंकाच्या आरंभीं हंसपदिकेचें गाणें राजाच्या कानीं येतें आणि तो कारण नसतां हुरहुरतो. कसली तरी आठवण आहे, पण कशाची तें आठवत नाहीं.

ह्या नाटकाकडे थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. महाभारताच्या आदिपर्वांत शाप नाहीं, अंगठी नाहीं. तेथला राजा शकुंतलेला ओळखतो, त्याला सर्व आठवत असतें, आणि आठवत असूनहि तो भरसभेंत तिला नाकारतो. सरळ सरळ खोटें बोलतो. कालिदासानें ह्या खोटेपणाचें विस्मृतींत रूपांतर केलें. त्यासाठीं दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, ती पाण्यांत पाडली आणि माशाच्या पोटांतून परत काढली. नायकाचा दोष झांकण्याची ही युक्ति, असें आम्हांला शिकवलें गेलें, आणि तें खोटेंहि नाहीं. पण नुसताच दोष झांकावयाचा असता, तर हंसपदिकेच्या गाण्याची गरज नव्हती. सोईसाठीं विसरलेली गोष्ट मनांत मरत नाहीं. भलत्याच सुरानें ती कण्हते. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, तेव्हां समोरच्या प्रेक्षकाला व्हिएन्नाचें नांवहि ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पुढें पांचवा अंक पाहतांना मात्र त्यालाहि राजाची ती हुरहूर कळली असेलच. येथें आपण कालिदासाच्या बाळपणाविषयीं एक अक्षर बोललों नाहीं, आणि बोलणार तरी काय? त्याचें चरित्रच कोणाला ठाऊक नाहीं. जुन्या कथेंत नवा कथाकार कोठें फेरफार करतो, एवढेंच पाहिलें. आणि तेवढें पुरलें.

हॅम्लेटची गत मात्र निराळी झाली. आगरकरांनीं त्या नाटकाचें भाषांतर १८८३ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्याला 'विकारविलसित' हें नांव दिलें. सूडाची कथा असतां नांव विकारांच्या खेळाचें द्यावें, हीच त्या नाटकाची एक समीक्षा होती, आणि ती फ्रॉइडच्या ग्रंथाआधीं सोळा वर्षें. पुढें १९१० सालीं अर्नेस्ट जोन्स ह्यानें हॅम्लेटच्या दिरंगाईचें कारण शोधलें. चुलत्यानें जें केलें, तेंच लहानपणीं हॅम्लेटच्या मनाच्या तळाशीं होतें, म्हणून त्याचा हात उचलत नाहीं, असें त्याचें म्हणणें. १९४९ पर्यंत त्याचा त्यानें ग्रंथ केला. चातुर्य मोठें, पण नाटकांत जें बाळपण लिहिलेलेंच नाहीं त्याची साक्ष काढून पात्राला दोषी ठरवणें, हें मला वकिलीहून वकिली वाटतें.

आतां मराठी कादंबरीकडे येऊं. ना. सी. फडके ह्यांचें 'प्रतिभासाधन' १९३१ सालीं निघालें. कथानक कसें गुंफावें, उत्कंठा कशी ताणावी, ह्याचे धडे त्यांत आहेत. गोष्ट म्हणजे घटनांची रचना, हा त्याचा पाया. अकराच वर्षांनीं, १९४२ सालीं, बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' आली आणि घटनांची ती शिस्त मोडली. घड्याळाचा काळ मागें पडला. मनांत एका विचाराला चिकटून दुसरा कसा येतो त्याचा क्रम पुढें आला. ह्यालाच संज्ञाप्रवाह म्हणतात. मर्ढेकर खानदेशांतल्या फैजपूरचे, आणि नोकरीनें नभोवाणीचे, म्हणून श्रोत्यांपुढें त्यांचें नांव घेतांना मला विशेष आनंद वाटतो. त्यांच्यांत एक विरोध मात्र आहे. कादंबरींत नेणिवेला मोकळी वाट देणारा हाच लेखक समीक्षेंत मनोविश्लेषकाला उंबऱ्याबाहेर ठेवतो. कृतीचें सौंदर्य तिच्या घटकांतल्या लयींत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल ह्या संबंधांत आहे. लेखकाच्या खाजगी दुःखाचा तेथें प्रवेश नाहीं, असा त्यांचा आग्रह. मला हा आग्रह पुरता पटत नाहीं, पण त्याची गरज पटते. मनाचें तळघर ज्यानें स्वतः उतरून पाहिलें, त्यालाच तेथें किती चांचपडावें लागतें हें ठाऊक असणार.

त्यानंतर नवकथा आली. गंगाधर गाडगीळांच्या एका संग्रहाचें नांवच 'मानसचित्रें' असें आहे, आणि तो १९४६ चा आहे. 'सत्यकथे'नें ह्या कथेला घर दिलें. पुढें जी. ए. कुलकर्णींच्या कथेंत स्वप्नाची आणि दंतकथेची भाषा आली. समीक्षेंत युंगच्या वाटेनें आदिबंधांचा विचार म. सु. पाटील ह्यांनीं नेटानें मांडला. एकट्या कवीच्या मनापेक्षां साऱ्या जमातीच्या मनांत ज्या प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या असतात, त्या कवितेंत कशा उमलतात, हा ह्या पद्धतीचा शोध. पाटील आमच्याच जिल्ह्यांत, मनमाडच्या महाविद्यालयांत, प्राचार्य होते. मुंबई-पुण्याबाहेर राहून त्यांनीं हें काम केलें. २०१८ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यांना मिळालें आणि २०१९ सालीं ते वारले.

ही सारी हत्यारें एकदां घरच्या पुस्तकावर चालवून पाहावीं असें मला वाटतें. असें पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. तें आमच्या जिल्ह्याचेंहि आहे. साने गुरुजींनीं तें नाशिकच्या तुरुंगांत १९३३ च्या फेब्रुवारींत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, पांच दिवसांत लिहिलें. १९३५ सालीं तें छापून निघालें.

खाटेवर निजवणाऱ्या समीक्षकाला येथें मोठा मोह आहे. लेखक आईवेडा, अविवाहित, आणि १९५० च्या ११ जूनला त्यानें स्वतःच्या हातानें जीवन संपवलें. झालें; मातृगंडाचें निदान तयार. त्या शेवटच्या दिवसाच्या उजेडांत सगळें पुस्तक मागें वाचावयाचें, म्हणजे पानोपानीं लक्षणें सांपडतात. ह्या रीतीला माझा विरोध आहे, आणि तो गुरुजींच्या भक्तीमुळें नव्हे. पुस्तक आणि मृत्यु ह्यांत सतरा वर्षें आहेत. त्यांत पंढरपूरचें मंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं केलेलें उपोषण आहे, गांधीवध आहे, १९४८ सालीं सुरू केलेली 'साधना' आहे. शिवाय ज्यांची आई लहानपणीं वा तरुणपणीं गेली असे हजारों मुलगे ह्या देशांत होते. त्यांतल्या एकानेंच हें पुस्तक कां लिहिलें, ह्याचें उत्तर निदानांत नसतें.

तेंच शास्त्र कथनाकडे वळवलें, म्हणजे निराळें दिसूं लागतें. हें पुस्तक प्रकरणांचें नाहीं, रात्रींचें आहे. आश्रमांत सांजेची प्रार्थना होते, मित्र भोंवतीं बसतात आणि श्याम सांगूं लागतो. अशा बेचाळीस रात्री. पांच दिवसांत लिहिलेल्या पुस्तकाला बेचाळीस रात्री पाडणें हें मुद्दाम केलेलें काम आहे. ह्या घडणीचें मूळ मला धुळ्याच्या तुरुंगांत दिसतें. आदल्याच वर्षीं, १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारीं विनोबांनीं तेथें गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं, आणि तीं उतरून घेणारे साने गुरुजीच होते. अठरा रविवार त्यांनीं बोलणें ऐकिलें आणि कागदावर उतरविलें. दुसऱ्या वर्षीं स्वतःचें लिहावयास बसतांना त्यांची लेखणी बोलण्याच्याच चालीनें चालली, ह्यांत नवल नाहीं. दुसरें असें कीं, त्यांनीं 'मी पांडुरंग' असें न लिहितां श्याम नांवाचा निवेदक उभा केला. ज्या गोष्टी स्वतःच्या नांवानें बोलतां येत नाहींत, त्या दुसऱ्या नांवानें बोलतां येतात, हें नभोवाणीवर नाटकें ऐकणाराला सांगावयास नको.

आई गेलेली आहे, हें ऐकणाराला पहिल्या रात्रीपासूनच ठाऊक असतें. म्हणजे पुढें काय होणार ही उत्कंठा येथें नाहींच. पीटर ब्रूक्स ह्या अमेरिकन अभ्यासकानें १९८४ सालीं फ्रॉइडच्या आधारानें असा विचार मांडला कीं, कथानक म्हणजे शेवटाकडे जाणारी, पण शेवट लांबणीवर टाकणारी वाट. पुनरुक्ति हें त्या लांबणीचें साधन. 'श्यामच्या आई'ला हा विचार अक्षरशः लागू पडतो. प्रत्येक रात्रीं सांगणें चालू असेपर्यंत आई जिवंत असते. दुसऱ्या रात्रीं ती पुन्हा जिवंत होते. आजार, निरवानिरव आणि चिता ह्या गोष्टी अगदीं शेवटच्या चार-पांच रात्रींवर लोटल्या आहेत.

गुरुजींची आई वारली १९१७ च्या २ नोव्हेंबरला. त्याच वर्षीं फ्रॉइडचा शोक आणि विषाद ह्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. हा केवळ योगायोग. पण निबंधांतला विचार येथें फार उपयोगी पडतो. फ्रॉइड म्हणतो त्याचा आशय असा: गेलेल्या माणसापासून मन एकदम सुटत नाहीं. एकेक आठवण वर काढावी लागते, तिच्याजवळ थांबावें लागतें, आणि मग ती सोडावी लागते. म्हणून शोकाला वेळ लागतो. विषादांत असें होत नाहीं. तेथें गेलेल्यावरचा रोष आंत वळतो आणि माणूस स्वतःलाच दूषणें देत बसतो. बेचाळीस रात्री म्हणजे बेचाळीस आठवणी, एकेक करून वर काढलेल्या. पण दूषणेंहि आहेत. चुका बहुधा श्यामच करतो. तो कळ्या तोडतो, भितो, पुस्तकाच्या लोभानें चोरी करतो, आणि आईच्या शेवटच्या घटकेला तो जवळ नसतो. मग हा शोक कीं विषाद? मला वाटतें, दोन्हींची ओढाताण येथें आहे, आणि भोंवतीं बसलेले ऐकणारे ती शोकाच्या बाजूला झुकवतात. एकांतांत दिलेलें दूषण आंत कुजतें. चारचौघांत सांगितलेल्या चुकीला उत्तर मिळतें. येथें तें उत्तर बहुधा आईच देते.

आमच्या नामपूरला मोसमच्या कांठीं घरोघर अहिराणी बोलतात. आईला माय म्हणतात. वर्गांत श्यामच्या पोहण्याचा प्रसंग वाचला कीं, एक प्रश्न दरवर्षीं येई. आईनें शिंपटीनें फोडून काढलें, विहिरीवर पाठवलें. तरी श्यामला राग कसा आला नाहीं? प्रश्न पोरांचा, पण तो चांगल्या समीक्षकाला शोभेल असा आहे. राग येतो, पण सांगणारा मोठा श्याम त्याला फार वेळ थांबूं देत नाहीं. लोकांनीं आपल्या मुलाला भित्रा म्हणूं नये म्हणून आईनें मारलें, हा खुलासा लगेच येतो, आणि मागोमाग उपदेश. पुस्तकभर ही गोष्ट पाहावी. लहान श्यामला जेथें खुपलें असेल तेथें मोठ्या श्यामचें प्रवचन लांबतें. रसिक ज्या उपदेशाला कंटाळतात, तो उपदेश म्हणजे जखमेवर बांधलेली पट्टी आहे, असें समजून वाचलें तर त्याचा कंटाळा येत नाहीं. उलट पट्टी कोठें कोठें बांधली आहे ह्याकडे लक्ष जातें.

एक गोष्ट मात्र ह्या शास्त्राच्या हातीं लागत नाहीं, आणि ती लहान नव्हे. श्यामच्या घरावर कर्ज आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धांत घराची अब्रू जाते ती कर्जापायीं. आई खंगते ती चिंतेनें आणि उणिवेनें. तेल आहे तर मीठ नाहीं, ही स्थिति आईच्या मनांत निर्माण झालेली नव्हती. ती सावकाराच्या वहींत होती. ज्या मुलखांत कांद्याचा भाव पडला म्हणजे सोसायटीचा हप्ता थकतो, त्या मुलखांतल्या वाचकाला हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. श्यामच्या आईचें मरण केवळ मुलाच्या मनांतलें प्रतीक करून टाकलें, तर त्या वहीचा हिशेब राहून जातो.

शेवटच्या, बेचाळिसाव्या रात्रीला गुरुजींनीं 'आईचें स्मृतिश्राद्ध' असें नांव दिलें आहे. त्याआधींच्या रात्रीचें नांव 'भस्ममय मूर्ति'. फ्रॉइडचा तो निबंध त्यांनीं वाचला असावा असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. त्यांना त्याची गरजहि नव्हती. दहाव्या दिवशीं पिंडाला कावळा शिवेपर्यंत नदीकांठीं घरचीं माणसें थांबतात, मेलेल्याचें काय राहिलें असेल तें आठवून मोठ्यानें बोलतात, वचनें देतात, हें त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलें असणार. आई गेल्यावर सोळाव्या वर्षीं, तुरुंगांत, त्यांनीं तेंच कागदावर केलें.